पट्टीवरच्या दोन खुणा

इच्छादेवी चौकातला सिग्नल सुटला आणि गाडी ओरडायला लागली. जागची हलेना असं नाही. हलत होती, पण दुसऱ्या गिअरवर अडून बसली होती. इंजिनाचा काटा पार वर आणि वेग पस्तीस. ऑटोमॅटिक गाडीत गिअर आपण टाकायचा नसतो, तिचा ती टाकते, एवढंच तिचं कौतुक. तिने टाकलाच नाही तर आपण नुसतं बसून ऐकायचं. मागच्या केळीच्या ट्रकने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मी पाय उचलला, हळूच दाबला, परत उचलला, मनातल्या मनात 'घे बाई आता' म्हटलं. नाही म्हणजे नाही. ऑगस्टपासून तिचं हे चाललं होतं, तिसरा गिअर घ्यायला उशीर, मध्येच सगळं सुटून गेल्यासारखं होणं. पण आज सकाळी तिने सरळ नकारच दिला. दहा मिनिटांपूर्वी मी सविताला बसस्टँडवर सोडलं होतं. माझी बायको पहूरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. चौदा वर्षं ती हीच गाडी चालवत रोज गेली आणि आली. गेल्या सोमवारपासून एसटीने जाते. लहानपणीच्या पोलिओने तिचा डावा पाय गेला, त्या पायाला कॅलिपर, म्हणजे मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या, आणि एसटीची पहिली पायरी तिच्या गुडघ्याएवढी. चढताना तिने माझा हात घेतला नाही. दांडा धरला, उजवा पाय वर टाकला, डावा हाताने ओढून घेतला, आणि मग खिडकीतून म्हणाली, "केंद्रप्रमुख आज चारला येणार आहेत. अर्ज त्यांच्याच हातात देऊन टाकते." तीन वर्षांची नोकरी बाकी असताना स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. तो मीच लिहिला होता. रविवारी, कागदाला समास आखून, माझ्या अक्षरात. तिने फक्त खाली सही केली.

गाडी कडेला घेऊन मोतीलालला फोन लावला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज. मी निवृत्त व्हायच्या आधी गाडीचं सगळं तोच बघायचा. "भाऊ, ब्रेक सांगा, सायलेन्सर सांगा, रात्रीतून करून देतो," तो म्हणाला, "पण आटोमॅटिकची पेटी आतून बिघडली असेल तर माझा हात नाही चालत. धुळ्याला अन्वरभाईंकडे न्या. आणि टोचन लावून नेऊ नका बरं, ओढत नेली तर पेटी जळते. आहे त्या गिअरवर हळूहळू जा." हळूहळू म्हणजे नव्वद किलोमीटर. घरी जाऊन तरी काय करणार होतो? सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा माझं घर म्हणजे एक पंखा आणि एक मी. तसाच निघालो. बांभोरीच्या पुलावर गिरणेचं पाणी खाली कुठेतरी एका कडेला वाहत होतं, मागच्या गाड्या एकेक करून मला मागे टाकत होत्या, प्रत्येक गाडीतला माणूस पुढे जाताना वळून बघायचा. चांगल्या रस्त्यावर पस्तिसाने जाणाऱ्या साठीच्या माणसाकडे लोक जसे बघतात तसे. मी कुणाकडे बघितलं नाही. इंजिनाचा तो एकसुरी आवाज डोक्यात घुसून बसला आणि त्याच्याखाली बाकीचं सगळं चालू राहिलं.

चौतीस वर्षं मी वरणगावच्या फॅक्टरीत काढली. दारूगोळ्याचा कारखाना. तिथे नियम एकच, बाकीचे सगळे त्याच्या पोटात: यंत्र बंद, वीज बंद, किल्ली खिशात, मग हात. चालू यंत्राकडे वाकूनसुद्धा बघायचं नाही. काही मोजायचं तर थंड झाल्यावर, काही सुधारायचं तर थोडं थोडं, आणि जे केलं त्याची त्याच क्षणी चिठ्ठी. माझ्या हाताखाली कुणाचं बोट कापलं नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी हे भाषणात सांगितलं तेव्हा मला भरून आलं होतं. एकतीस मेला शाल मिळाली, जूनच्या पहिल्या रविवारी मी गाडीचं बोनेट उघडलं. मोतीलालला म्हटलं, आता मी मोकळाच आहे, तुला त्रास नको. रात्रभर थंड झालेली गाडी, किल्ली खिशात, हाताशी स्वच्छ फडकं. इंजिनाच्या तेलाची पट्टी वेगळी, गिअरबॉक्सची वेगळी. गिअरबॉक्सच्या पट्टीवर खाली-वर दोन खुणा असतात, तेल त्यांच्यामध्ये राहायला हवं. मी पट्टी काढली, पुसली, परत घातली, काढली. लालसर तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर. मोतीलालने जास्त भरून ठेवलंय, मी म्हटलं. या लोकांना मापच नाही. बारीक नळी आणि पिचकारी लावून पाव लिटर काढलं. जुलैत बघितलं, अजून वर. पुन्हा पाव. एकदम सगळं काढायला मी काय अडाणी आहे? दर महिन्याचा पहिला रविवार तेवढा एक दिवस मला माझा वाटायचा. बाकीच्या दिवशी सविता डबा भरून निघून जायची आणि मी गॅलरीतून गाडीचा मागचा लाल दिवा वळणापर्यंत बघायचो.

ही गाडी तिच्यासाठीच घेतली होती. दुसऱ्या कुणाची होती ती, एक वर्ष वापरलेली. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही, हे कळल्यावर मी आठ दिवस झोपलो नव्हतो. तिला शिकवलं मीच, शाळेला सुट्टी लागल्यावर, रिकाम्या मैदानात. एक्केचाळीस वर्षांची बाई स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून लहान मुलासारखी ओठ चावत होती. लहानपणी तिचे आबा तिला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत न्यायचे. पुढे कॉलेजला मैत्रीण, मग नोकरीला जीपवाला, मग मी. कुणाचा तरी वेळ सांभाळल्याशिवाय तिला कुठे जाता आलं नव्हतं. पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन ती एरंडोलजवळ आमच्या गावी आली तेव्हा माझी आई, भागाबाई, ओट्यावरून उठून रस्त्यापर्यंत चालत गेली होती. "बठ्ठं गाव दखी ऱ्हायनं व माय," आई म्हणाली, आणि सगळं गाव बघत असताना पदराने बोनेट पुसलं. "आते तुले कोनाच हातनी गरज नही. चाल, माले बी फिराव." आईला पुढच्या सीटवर बसवून सविताने तीन चकरा मारल्या. मी पारावर उभा होतो. तेव्हा मला फार आनंद झाला होता, आणि त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी बारीक टोचलंही होतं. कोणाच्याच हाताची गरज नाही. त्यात माझाही हात आला. एरंडोल मागे पडलं आणि मी ते टोचणं आज, इतक्या वर्षांनी, उगाचच चाचपून बघत बसलो.

ऑगस्टमध्ये नेरीच्या पुढे गाडीने तिला सोडलं. चढावर इंजिन नुसतं घोंघावत राहिलं आणि गाडी थांबली. भर उन्हात, आजूबाजूला कपाशी, फोनला रेंज नाही. कॅलिपर घालून ती मागे फाट्यापर्यंत दीड किलोमीटर चालत गेली. तिथून फोन आला तेव्हा तिला धाप लागली होती, आणि मी काय म्हणालो? "तू पाय फार दाबतेस. जुनी गाडी आहे, तिला तसं ओरबाडायचं नसतं." संध्याकाळी कॅलिपर काढल्यावर तिच्या टाचेच्या वर पट्ट्याने सोललेली जागा मी बघितली, हळद लावून दिली, आणि हळद लावता लावता पुन्हा म्हणालो, पुरे झालं आता, पाय बघ, गाडी बघ, राहिलं कितीसं. त्यानंतर ते रोजचंच झालं. ती जेवायला वाढत असायची आणि मी गाडीचं वय सांगत असायचो. मागे पडलेल्या पोरांना जवळ बसवून वाचायला शिकवते ती, तिच्या वर्गातल्या पोरांनी गाडीच्या काचेवरच्या धुळीत बोटाने अक्षरं काढलेली असायची. ती पुसायचं काम माझं. गणपती झाले, पितृपक्ष झाला, आणि एका रात्री ती भांडी पुसताना म्हणाली, "लिहा मग अर्ज. तुमचं अक्षर चांगलं आहे."

पारोळ्याला थांबलो. गाडीतून जळका वास येत होता. समोरच्या टपरीवर चहा घेतला. ऑक्टोबरचं ऊन डोळ्यांत जात होतं आणि पाठ मोडून आली होती. चहा पिता पिता स्वतःशी एकदाचं कबूल केलं. तिच्या पायाची काळजी होती, खोटं कशाला बोलू, होतीच. पण मला घरात एकट्याला करमत नव्हतं. दुपारी दोन वाजता माणूस पंख्याखाली पडून छताकडे बघतो तेव्हा त्याला जे होतं ते मला होत होतं आणि ते मला बायकोला सांगता येत नव्हतं. चौतीस वर्षं घरी उशिरा येणाऱ्या माणसाने 'तू घरी थांब, मला एकटं वाटतं' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? गाडीचं वय सांगणं सोपं होतं. चहावाल्याने विचारलं, "गाडी इकनी शे का, नाना?" मी म्हटलं, विकायची नाही रे, दवाखान्यात नेतोय. तो हसला. मला हसू आलं नाही.

धुळ्यात पोचेपर्यंत एक वाजून गेला. अन्वरभाईंचं गॅरेज म्हणजे एक निंबाचं झाड, गाडीखाली उतरायचा एक खड्डा आणि पत्र्याची शेड. पासष्टीचा वाळका माणूस, चष्मा दोरीने गळ्यात. आधीच्या एका गाडीचं काम हातात होतं म्हणून त्यांनी मला तासभर बाकावर बसवलं, मग येऊन सरळ माझ्या शेजारच्या सीटवर बसले. "घ्या, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." जाऊन येईपर्यंत मान वाकडी करून नुसतं ऐकत होते. "लावा इथं. बोनेट खोला."

मी गाडी लावली, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली.

"बंद का केली?" त्यांनी विचारलं.

"बोनेट उघडायचंय ना."

"मग? चालू करा परत."

"चालू इंजिनात हात घालणार?"

"हात कुठं घालतो भाऊ, पट्टी बघतो फक्त. गिअरबॉक्सचं तेल चालू गाडीवरच बघतात. गरम झाल्यावर. चालू करा."

मी किल्ली फिरवली. त्यांनी सांगितलं तसं ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा सगळ्या जागांवरून फिरवून परत पार्किंगला आणला. अन्वरभाईंनी गरगरणाऱ्या पंख्याशेजारून पट्टी ओढली, पुसली, घातली, काढली आणि माझ्यासमोर धरली. टोकाला एक थेंब होता. दोन्ही खुणा कोरड्या. "ही बघा. तेलच नाही. तेल नाही तर दाब नाही, दाब नाही तर गिअर कुठून घेणार बिचारी?"

"असं कसं होईल?" मी म्हणालो. "बंद असताना तर..."

"बंद असताना काय दिसतं त्याला काय अर्थ आहे? गाडी बंद केली की वर फिरणारं बठ्ठं तेल खाली उतरतं. पट्टी भरलेली दिसते. नवीन माणूस फसतो." ते केव्हाच खाली वाकले होते, टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरले, नळ्या चाचपल्या, बऱ्याच वेळाने वर आले. "गळती तर कुठंच नाही. सव्वा-दीड लिटर तेल गेलं कुठं? उडून तर नाही जाणार." त्यांनी हात पुसले. "आत कुठं तरी जात असेल. पेटी उतरवून बघावी लागेल. चार-पाच दिवस सोडून जा गाडी."

चार-पाच दिवस. मला एवढंच करायचं होतं की मान हलवायची. एसटीने परत जायचं, घरी सांगायचं की पेटी उतरवलीय, काही खरं नाही तिचं. तोवर अर्ज पहूरहून जामनेरच्या तालुका कार्यालयात पोचलेला असेल. कुणालाही, कधीही कळणार नव्हतं. नोटिशीचे तीन महिने, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, मग ती घरी. दुपारी दोन वाजता स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज. मी घड्याळ बघितलं, तीनला पाच कमी. मला त्या आवाजाची किती हाव होती ते त्या क्षणी कळलं, आणि त्याच वेळी तिच्या टाचेवरची सोललेली जागा डोळ्यांपुढे आली, माझ्या हातांनी हळद लावलेली. मी मागे गेलो आणि डिकी उघडली. पाण्याच्या पाच जुन्या बाटल्या, आत लालसर तेल, एका खोक्यात ओळीने उभ्या होत्या. काढलेला माल फेकायचा नाही, ही फॅक्टरीची सवय. प्रत्येकीवर चिठ्ठी डकवलेली.

अन्वरभाईंनी एक बाटली उन्हात धरली. चष्मा लावून चिठ्ठी वाचली: दिनांक, २५० मि.लि., तपासणारा, रविंद्र. दुसरी वाचली. तिसरी हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणाले, "अक्षर छान आहे तुमचं."

ते तेल त्यांनी वापरलं नाही. नवं भरलं, थोडं थोडं, इंजिन चालू ठेवून, दर वेळी पट्टी बघत. मग आम्ही बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. पहिला, दुसरा. आणि मग आवाज एकदम उतरला, गाडी हलकी झाली, तिसरा. थोड्या वेळाने चौथा. कुठे धक्का नाही, काही नाही. "आतल्या प्लेटा घासल्यात थोड्या," अन्वरभाई म्हणाले. "वर्ष काढेल, कदाचित तीन काढेल. मी काही लिहून देणार नाही." गॅरेजशी उतरताना त्यांनी खिडकीतून वाकून विचारलं, "बाई चालवते ना ही गाडी? सीट पुढं ओढलेली आहे." मी हो म्हटलं. चार वाजायला दहा मिनिटं होती. मी फोन लावला.

"बोला," सविता म्हणाली. मागे पोरं एका सुरात पाढे म्हणत होती.

"केंद्रप्रमुख आले?"

"आलेत. चहा चाललाय. का?"

"गाडी झाली."

"काय झालं होतं?"

"तेल कमी होतं," मी म्हणालो. इथेही थांबता आलं असतं.

"कमी कशाने झालं?"

"मी काढलं. जास्त आहे असं समजून. चुकीच्या पद्धतीने बघत होतो."

पाढे अठराच्या घरात अडखळले, कुणीतरी मध्येच हसलं. "किती काढलंत?"

"सव्वा लिटर. दर महिन्याला पाव."

"कधीपासून?"

"जूनपासून."

"म्हणजे नेरीला..."

"हो."

"मी दीड किलोमीटर चालले होते."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, मी पाय दाबते."

"म्हणालो. सविता, अर्ज..."

"ठेवते मी. साहेब बोलावताहेत." फोन बंद झाला.

परतीच्या रस्त्यावर गाडी एखाद्या आज्ञाधारक मुलीसारखी गिअर घेत होती आणि मला त्याचं सुख होत नव्हतं. प्रत्येक गिअरला मी मनात म्हणायचो, अर्ज दिला असेल. पुढच्याला म्हणायचो, नसेल. तिने दिला असता तर तो परत मागता येतो हे मला माहीत होतं, नियम मी वाचले होते. पण परत माग म्हणून सांगणार कोण? मी सांगितलं म्हणून दिला, मी सांगितलं म्हणून परत घे? मुकटीला कापसाच्या ट्रॅक्टरामागे अडकलो, पारोळ्याला न थांबता गेलो. ऊन मागून आरशात येत होतं. डोकं काही थांबत नव्हतं. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिला कधी चालत्या कामात काही विचारलं नव्हतं. सगळं निवळल्यावर, ती झोपायला टेकल्यावर विचारायचो, आणि ती 'ठीक आहे' म्हणायची, आणि मी ते खरं धरायचो. गिरणेचा पूल ओलांडला तेव्हा दिवे लागले होते.

सविता सातला आली. रिक्षातून उतरली, फाटकाशी उभी राहिली, आत आली नाही. चेहरा धुळीने आणि थकव्याने उतरलेला. तिने हात पुढे केला. "किल्ली."

ती गाडीत बसली, इंजिन चालू केलं, काही क्षण डोळे मिटून ऐकलं. "आता काय करायचं?"

"ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळीकडून फिरव. मग परत पार्किंगला."

तिने तसं केलं. मग इंजिन चालूच ठेवून उतरली, दरवाजा, आरसा, मडगार्ड असं धरत धरत पुढे आली. बोनेट मी उघडून दिलं आणि माझा हात आपोआप खिडकीतून आत, किल्लीकडे गेला.

"राहू द्या," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला.

"कुठली पट्टी?"

"ती पलीकडची. सांभाळून, पंखा फिरतोय."

"दिसतंय मला." तिने पट्टी ओढून काढली. "पुसायला?"

मी फडकं शोधायला लागलो. फडकं धुळ्याला बाकावर राहिलं होतं. तिने पर्स उघडली आणि चार घड्या घातलेला कागद काढला. फाटकावरच्या दिव्याच्या उजेडात मला समासाची रेघ दिसली, आणि वर 'मा. गटशिक्षणाधिकारी', माझ्या अक्षरात. तिने पट्टी त्या कागदाच्या चिमटीत धरून वरून खालपर्यंत पुसली. ताज्या तेलाचा लाल ओघळ एकेका ओळीवरून पसरत तिच्या सहीपर्यंत गेला. मग तिने पट्टी परत घातली, काढली, दिव्याकडे धरून बराच वेळ बघितली.

"दोन्ही खुणांच्या मध्ये आहे," ती म्हणाली. पट्टी जागेवर बसवली, कागदाला हात पुसले. "यापुढे हे मी बघत जाईन. उद्या नऊला निघायचंय मला. डबा तुम्ही करा."